पाय आले

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोबाइलची काच फुटली. शहागंजात एका ओळखीच्या दुकानात दुरुस्तीला दिला. काच बसवून झाल्यावर फोन नीट चालतो का हे बघायला दुकानदाराने फोटो उघडले. बोटाने वर सरकवत गेला, सरकवत गेला आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "खाला, ये सब पावां किसके हैं?"

"पुंडलिकनगरचे," मी म्हणाले.

त्याने आणखी थोडे बोट फिरवले. सगळे तान्ह्या बाळांचे पाय. गुलाबी, सावळे, सालपटे निघालेले, कुठे दुपट्यातून डोकावणारे, कुठे आजीच्या तळहातावर ठेवलेले. चेहरा एकाचाही नाही. मधेच एका फोटोत दोन पांढरे जाड ठोकळे. "और ये?"

"तेही पायच."

त्याने फोन पुसून हातात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने बायकोला माझ्याविषयी काहीतरी नक्कीच सांगितले असणार. त्याला जे सांगायला उभ्या उभ्या जमले नाही, ते इथे सांगते.

मी एका खाजगी प्रसूतिगृहात सिस्टर होते. पुंडलिकनगरच्या एका गल्लीत खाली औषधांचे दुकान, वर दवाखाना आणि त्याच्यावर डॉक्टर मॅडमचे घर, असा सगळा कारभार. लोकांना वाटते प्रसूतिगृहातल्या सिस्टरचे काम म्हणजे बाळंतपणे करणे. बाळंतपण हा त्यातला लहान भाग. मोठा भाग बाहेरच्या बाकड्यावरचा. वजन घ्यायचे, रक्तदाब बघायचा, घोट्यावर अंगठा दाबून सूज आहे का ते पाहायचे, लोहाच्या गोळ्या खरेच पोटात जातात की गादीखाली ते ओळखायचे, आणि हे करताना तोंड चालू ठेवायचे. बाई खरे काय ते डॉक्टरांच्या खुर्चीसमोर सांगत नाही. रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळला की सांगते. असे का, ते मला अजून कळलेले नाही. बहुधा हात अडकलेला असतो, उठून जाता येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ मुली खेड्यांवरून आलेल्या. नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर, आई एका गावी, सासू दुसऱ्या गावी, आणि ही दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत भिंतींशी बोलत बसलेली. घर गजबजलेले असते तेव्हा माणसांचा कंटाळा येतो, पण पहिल्यांदा पोटात बाळ हलते तेव्हा ते सांगायला कोणीतरी लागतेच. या मुली तपासणी आटोपली तरी बाकड्यावरून हलायच्या नाहीत. एकदा मॅडम वैतागल्या.

"सिस्टर, या बायका घरी का जात नाहीत?"

"घरी कोण आहे त्यांच्या?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मग बसवा कुठेतरी. इथे पेशंटला जागा नाही."

बुधवारी दुपारी मॅडम ऑपरेशनला दुसरीकडे जात, आमचा दवाखाना बंद असे. गल्लीच्या टोकाला मारुतीचे देऊळ, त्याला चांगला ऐसपैस मंडप. पुजारीबुवांना विचारले तर ते अवघडले. म्हणाले, "ताई, ब्रह्मचारी देव आहे. त्याच्यासमोर पोटुशा बायांची सभा म्हणजे..."

मी म्हटले, "बुवा, म्हणूनच इथे आलो. बाकीच्या देवांच्या घरात बायका आहेत, त्यांना पाहुण्यांचा त्रास."

बुवा हसले आणि दर बुधवारी मंडप झाडून ठेवू लागले. मारुतीरायाने कधी तक्रार केली नाही. असा आमचा बुधवारचा कट्टा सुरू झाला. कोणी शेव-मुरमुरे आणायची, कोणी अळिवाचे लाडू. बाळंत झालेल्या मुली सव्वा महिना संपला की बाळ घेऊन यायच्या आणि व्हायच्या असलेल्या त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसायच्या. मधल्या दिवसांसाठी व्हॉट्सॲपवर गट निघाला. त्याचे नियम मी घातले. मला विचारल्याशिवाय कोणी कोणाला औषध सांगायचे नाही. "आमच्या शेजारणीचं असं झालं होतं" या वाक्याने सुरू होणारी गोष्ट सांगायची नाही. पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी ते बोलायचे नाही. तिसरा नियम रोज मोडला जायचा.

पायांची पद्धत नसरीनमुळे पडली. नसरीन शहागंजच्या मागे राहणारी, बोलायला फटकळ, कट्ट्यावरची सगळ्यांत जुनी मुलगी. तिला बाळ झाले तेव्हा चाळीस दिवस चेहऱ्याचा फोटो कोणाला दाखवायचा नाही, अशी तिच्या सासूची सक्त ताकीद. इकडे गटात तर सगळ्यांचे डोळे लागलेले. नसरीनने मग बाळाच्या पायांचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, "फिलहाल इतनाच मिलेगा." गटातल्या हिंदू घरांमध्येही दृष्टीची भीती तेवढीच, त्यामुळे ही युक्ती सगळ्यांना पटली. पुढच्या मुलीनेही पायच टाकले. मग ती रीतच झाली. कोणी बाळंत झाली की फोटोखाली दोनच शब्द, "पाय आले." मला त्यात आणखी एक फायदा दिसला. नुसत्या पायांवरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, त्यामुळे पेढे की जिलेबी हा प्रश्नच मिटला. सुंठेवाचून खोकला गेला म्हणा. गटातर्फे प्रत्येक बाळाला लोकरीचे मोजे द्यायचे, तेही ठरले. ते आणायचे काम नसरीनकडे.

गटात एक प्रियंका होती. प्रश्न फार विचारायची आणि प्रश्न असे मुद्देसूद, की मला वाटे ही मुलगी शिक्षिका असावी. कट्ट्यावर आली की मात्र तोंडातून शब्द निघत नसे. एक दिवस तिने गटात लिहिले, "सिस्टर, तिला सकाळपासून मळमळते आहे." तिला म्हणजे कोणाला? मग उलगडा झाला. इतके दिवस प्रियंकाच्या फोनवरून तिचा नवराच लिहीत होता. डोहाळ्यांपासून मूळव्याधीपर्यंत बायकांनी काय काय मोकळेपणाने लिहिले होते ते आठवून दोघी-तिघींनी डोक्याला हात लावला. काढून टाका, असा सूर निघाला. पण प्रियंका पुढच्या बुधवारी पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "त्यांची आई बाळंतपणात गेली. ते लई भितेत. वाचू द्या त्यांला." मग तो राहिला. अट एकच, लिहिताना स्वतःच्या नावाने लिहायचे. कट्ट्याच्या वेळी तो देवळाबाहेर गाडीवर बसून राहायचा आणि आम्ही त्याला मुरमुरे पाठवायचो.

सगळेच असे गमतीचे नव्हते. एकीचे बाळ राहिले नाही. त्या आठवड्यात नेमके दोघींचे पाय आले आणि गट अभिनंदनाने भरून गेला. ती मुकाट्याने गटातून निघून गेली. आनंदाच्या जागा करताना आपण दुःखाला बसायला पाट ठेवत नाही, हे तेव्हा मला टोचले, अजून टोचते. ती पुढे वर्षभराने आपणहून कट्ट्यावर आली, खांबाला टेकून बसली आणि गटातही परतली. पण तेव्हापासून गटातली कोणी अचानक गप्प झाली की माझे लक्ष तिच्याकडे लागते.

कोमल अशीच गप्प झाली.

कोमल पाचव्या महिन्यात आमच्याकडे आली. काटक, हसरी. सासर वेरूळजवळच्या एका वस्तीवर, घरी मेंढरे. नवरा संतोष वाळूजला कंपनीत, म्हणून खोली पुंडलिकनगरला. कोमलची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी न होता सासरीच व्हायचे ठरले होते. कट्ट्यावर ती सगळ्यांच्या आधी यायची आणि बुवांच्या हातातला झाडू घ्यायची. मी रागावले की म्हणायची, "बसून बसून अंग आंबतंय, सिस्टर."

तिला आठवा लागला तेव्हाची गोष्ट. एका बुधवारी रात्री चंद्रग्रहण होते आणि त्याचे वेध दुपारीच लागत होते. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरायचे नाही, कापायचे नाही, नाहीतर बाळाला व्यंग येते, अशी आपल्याकडे समजूत. काही घरांत वेधापासूनच पाळतात. मी गटात लिहिले, "ग्रहणाने बाळाला काही होत नाही. ज्यांना पाळायचे त्यांनी घरी थांबा, ज्यांना यायचे त्यांनी या." मी नेहमी असेच लिहीत आले होते आणि आजही तेच लिहीन. त्या दिवशी चार-दोन डोकीच आली. कोमल आली, येताना पिशवीभर पेरू घेऊन आली. मंडपात बसून तिने सगळ्यांसाठी ते चिरले, तिखट-मीठ लावले. कोणीतरी तिचा फोटो काढून गटात टाकला. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात पेरू आणि तोंडभर हसू.

पुढे ती वेरूळकडे गेली. दिवस भरले. संतोषचा एका ओळीचा निरोप आला, बाळंत झाली, दोघे बरे आहेत. झाले, गटात धूम. "कोमल, पाय कुठंय?" "पाय पाठव ग." "पाय पाठवायला मुहूर्त लागतो का?" उत्तर नाही. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे वाचत तर होती. आठवडा गेला, दुसरा गेला. मुलींची थट्टा चालूच. मग एका सकाळी उठून बघते तर कोमल गटातून बाहेर पडलेली.

मी फोन लावला. संतोषने उचलला, "समदं बरं हाय," एवढे म्हणून ठेवून दिला. दुपारी कोमलचा फोन आला. मागे मेंढरांचा आवाज. घरापासून लांब जाऊन बोलत असावी.

"सिस्टर, म्या काय पाठवू? हात मागितला असता तर हात पाठिवला असता. तोंड मागितलं असतं तर दिष्टीला बी भ्याले नसते. तुमी समद्या पायच मागून ऱ्हायल्या."

इतकी वर्षे या कामात घालवली, पण पाय मागणे हे कोणाला इतके लागेल, हे माझ्या मनात आले नव्हते. मग तिने सगळे सांगितले. बाळाचे दोन्ही पाय घोट्यातून आत वळलेले होते, तळवे एकमेकांकडे तोंड करून. बाळंत झाली त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी सोडतानाच सांगितले होते, शहरात मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवा, बरे होते. पण घरी आल्यावर सासूला गटातला तो फोटो दिसला. सुरीचा आणि पेरूचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आता लेकराला दाखवायला दवाखाना नको, जाणता माणूस बघू, उतारा करू, असे चालले होते. आणि तोवर कोणाला पाय दाखवायचे नाहीत.

हे पाय बरे होतात, हे मला पक्के ठाऊक होते. जन्मतः वाकडा पाय कोवळा असतो. डॉक्टर तो हाताने हळूहळू सरळ करत आणतात आणि प्लास्टरमध्ये बसवतात. आठवड्याने ते काढून पाय आणखी थोडा वळवून नवे घालतात. अशी काही प्लास्टरे झाली की टाचेमागच्या धोंडशिरेला एक छोटासा काप देतात आणि मग दांडीने जोडलेले बूट. बूट काही वर्षे झोपताना घालावे लागतात, त्यात कंटाळा केला तर पाय पुन्हा वळतात. उशिरा सुरू केले तरी होते, पण जितका उशीर तितका पाय हट्टी. आणि खरी भीती उशिराची नाही. जे पाय एकदा पांघरुणाखाली जातात, ते पांघरुणाखालीच राहतात. पावलाच्या कडेवर चालणारी मोठी माणसे मी आठवडी बाजारात पाहिलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी वेरूळच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारले, "लेणी का देऊळ?"

"बाळंतीण," मी म्हणाले.

बसमध्ये पिशवी चाचपली तेव्हा हाताला नसरीनने दिलेले पुडके लागले. गटाची भेट. लोकरीचे मोजे. मी ते पिशवीच्या तळाशी ढकलले.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन चढले होते. पत्र्याचे घर, बाजूला जाळीच्या कुंपणात मेंढरे. दारात कोमलचा सासरा, सगळे त्याला तात्या म्हणत, दोर वळत बसलेला. सासू भागाबाई बाहेर आली. उंच, रापलेली, नजर धारदार. तिने मला आत बसवले, पाणी दिले आणि मग विचारले,

"तुमीच का त्या? गिऱ्हानाच्या दिशी पोटुशा बाया गोळा करनाऱ्या?"

"मीच."

कोमल वापरायची तो संतोषचा जुना फोन तिने माझ्यासमोर धरला. "ही सुरी बगा. हा पेरू बगा. सुनंला आई नाय, म्हनून म्या म्हनलं, शिस्टर हाय तिथं, नदर ठिवील. अशी ठिवली व्हय नदर?"

मी समजावले. ग्रहण होते तेव्हा आठवा महिना होता, पाय तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच घडलेले असतात. भागाबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमी शिकल्याल्या बाया. तुमचं तुमच्यापाशी."

कोमल बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. डोळे सुजलेले. मुलगा की मुलगी ते मी इथेही सांगणार नाही, आमचा नियम आहे. मी बाळ मांडीवर घेतले. जावळ दाट, डोळे टपोरे, अंगाने भरलेले. पण एक गोष्ट मला खटकली. इतक्या गोजिऱ्या बाळाला कुठेच तीट नव्हती. गालावर नाही, कपाळावर नाही, तळपायाला नाही. आपल्याकडे कितीही गरीब घर असो, बाळाच्या अंगावर काजळाचा ठिपका असतोच.

"तीट नाही लावली?" मी विचारले.

भागाबाईने दाराबाहेर पाहिले. "ह्याला कशाची लागती दिष्ट, शिस्टर? दिष्ट लागायला बी कायतरी लागतं."

कोमलने मान खाली घातली. मला भागाबाईचा इतका राग आला, की तोंडातून काही वेडेवाकडे निघू नये म्हणून मी बाळाचे दुपटे उगाचच नीट करत बसले. मग बघितले तर भागाबाईचेही डोळे भरलेले. तिने ते पदराच्या टोकाने पुसले आणि चुलीकडे गेली. राग गेला. पण ही खेप फुकट जाणार असे वाटू लागले.

इतका वेळ दारात बसून दोर वळणारे तात्या, हात न थांबवता, घरात न बघता बोलले.

"भुरीच्या पिलाचं काय केलं व्हतं?"

भागाबाई चुलीपाशीच थबकली. "कोन्च्या भुरीच्या?"

"आपल्या भुरी मेंढीच्या. त्याचे पाय असेच निघाले व्हते की. आत वळल्याले. हुबंच राह्यना ते."

"बांबूच्या कामट्या बांदल्या व्हत्या."

"कोनी?"

"मीच. दुसरं कोन बांदनार?"

"मंग चाललं का न्हाय ते?"

"चाललं की. मेंढरांच्या वाड्यातून पळायचं ते, सापडायचं नाय."

तात्यांनी दोराला एक पीळ दिला. "आन् त्या भुरीनं गिऱ्हानात काय चिरलं व्हतं?"

मग कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. कोमल हसत होती. पदर तोंडात कोंबून हसत होती आणि हसू काही केल्या आवरत नव्हते, आणि त्यातच ती रडायलाही लागली.

"म्हाताऱ्या, मेंढरू आन् मानूस येकच व्हय?" भागाबाई कडाडली. पण बोलता बोलता ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने बाळाचा पाय हातात घेतला. इतक्या दिवसांत तो तिने नीट हाताळला नव्हता, हे कोमलने मला नंतर सांगितले. अंगठ्याने घोटा चाचपला, पाऊल जरासे बाहेर वळवून बघितले. बाळ रडले नाही.

"मऊ हाय अजून," ती म्हणाली. मग मला विचारले, "तुमचे डाक्टर बांदत्यात ते सोडत्यात कवा? आमी चार दिसांनी ढिलं करतो, न्हायतर पाय सुजतो."

"दर आठवड्याला सोडून नवीन घालतात. प्रत्येक वेळी थोडा थोडा सरळ."

"येकदम वडत न्हाईत ना?"

"नाही, एकदम नाही."

"मंग बराबर हाय." तिने पाय खाली ठेवला. "पर सव्वा महिना व्हायच्या आत लेकरू भाईर काढायचं न्हाय."

तात्यांचा दोर चालू होता. भागाबाईने बाळाचा पाय पुन्हा एकदा चाचपला आणि आपणच म्हणाली, "पिलाला दुसऱ्याच दिशी बांदल्या व्हत्या म्या." मग उठून चहाचे आधण ठेवले. पाठमोरीच म्हणाली, "सोमवारी येतो. पर मी संग येनार. मला बगायचंय कसं बांदत्यात."

ती आली. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून बघत उभी राहिली. बाळाची बोटे उघडी ठेवा, तिने बजावले. "उघडीच ठेवतो, आजी. रंग बघायला लागतो ना," डॉक्टर म्हणाले. पुढे दोघांचे चांगले जमले. पहिल्या दिवशी बाळ घसा फाटेपर्यंत रडले आणि कोमलही. भागाबाई नाही. तिने बाळाला उचलून खांद्यावर टाकले आणि बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत त्याला मेंढरांना हाकारतात तसे काहीतरी म्हणत राहिली, आणि ते झोपले.

इकडे गटात मी सगळे सांगितले. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते आणि कोमलनेच सांगा म्हटले होते. पायांचे फोटो बंद करू, हाताचे टाकू, असे एक-दोघींनी सुचवले. प्रियंकाच्या नवऱ्याने स्वतःच्या नावाने लिहिले, की हात हा चांगला पर्याय आहे. नसरीनने लिहिले, "हमारे में तय करके क्या फायदा? उसकू पूछो ना." मी कोमलला गटात परत घेतले. सगळ्या थांबून राहिल्या.

संध्याकाळी फोन वाजला. फोटो आला होता. घोंगडीवर दोन पांढरे जाड ठोकळे आणि त्यांच्या टोकाला दहा इवलीशी बोटे, वाटाण्यासारखी. खाली दोन शब्द, "पाय आले."

त्यानंतर जे झाले ते मी बराच वेळ बघत बसले. एकामागून एक सगळ्यांनी तेच दोन शब्द लिहिले. पाय आले, पाय आले, पाय आले. जिचे बाळ राहिले नव्हते, तिनेही.

प्लास्टरच्या दिवसांत कोमल पुन्हा पुंडलिकनगरच्या खोलीत राहायला आली आणि दर बुधवारी कट्ट्यावर येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने हात पुढे केला. "माझे मोजे कुठंयत?" मी चाचरले. पण नसरीनने पिशवीतून मोठ्या मापाचे, लाल रंगाचे मोजे काढले आणि प्लास्टरवरून चढवून दाखवले. "तुझे तो एक्स्ट्रा लार्ज होना," ती म्हणाली. नव्या आलेल्या पोटुशा मुली आधी बिचकून त्या पायांकडे बघायच्या. कोमल त्यांना स्वतः सांगायची, कसे घालतात, कसे काढतात, किती रडतात. दोनच महिन्यांनी दुसऱ्या एका गल्लीतली बाई आपले बाळ दुपट्यात लपेटून आली. कोणीतरी तिला कोमलचे नाव सांगितले होते. मी पुढे झाले नाही. कोमलच तिला खांबाआड घेऊन गेली आणि दुपटे सोडून बघितले.

माझी नोकरी त्यानंतर लवकरच संपली. कट्टा मात्र चालू आहे आणि बुधवारी मी जाते. आता दुसऱ्याच मुली गट चालवतात आणि माझे नियम त्यांनी बरेच सैल केलेत. शेजारणींच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या आहेत. मी कुरकुरते, कोणी ऐकत नाही.

प्लास्टर निघाले, टाचेमागचा तो काप झाला, बूट आले. सुरुवातीला बूट दिवसरात्र, मग फक्त झोपताना. तिथवर गाडी आली तेव्हाच्या एका बुधवारी मंडपात भागाबाई हजर. कोमलसोबत, बाळ कडेवर. पहिल्यांदाच कट्ट्यावर आलेली. देवापुढे नारळ फोडला, मग आमच्यात येऊन ऐसपैस बसली. मुली भोवती जमल्या. तिने काही न बोलता बाळाला मांडीवर आडवे घेतले आणि पायांवरचे फडके सोडले.

दोन पावले. सरळ, गुबगुबीत, तळवे आमच्याकडे करून हवेत नाचणारी. टाचेमागे एक बारीकशी रेघ, ठाऊक असल्याशिवाय दिसू नये अशी. आणि दोन्ही तळव्यांवर काजळाची तीट. ठिपका कसला, चांगली रुपयाएवढी, हात राखून न लावलेली. 

"फोटो निकालूं?" म्हणत नसरीनने फोन वर केला. तेवढ्यात भागाबाईने पदर ओढून दोन्ही पाय झाकले. म्हणून त्या बाळाच्या पायांचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तो दुकानदाराने पाहिला तोच.

"बास," भागाबाई म्हणाली. "लई बगू नका. दिष्ट लागती."